न्यू ऑर्लिन्समधील बंद शेजारशाळांचे सनदी पुनरुज्जीवन

न्यू ऑर्लिन्समधील बंद शेजारशाळांचे सनदी पुनरुज्जीवन म्हणजे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात, २००५ सालच्या कॅटरिना चक्रीवादळानंतर बंद पडलेल्या सार्वजनिक शाळा पालक, शिक्षक आणि रहिवासी यांनी चार्टर स्कूल, अर्थात सनदी शाळा, या स्वरूपात पुन्हा सुरू करण्यासाठी केलेले प्रयत्न होत. लोअर नाइन्थ वॉर्ड या भागातील डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर शाळा आणि मिड-सिटी भागातील मॉरिस जेफ कम्युनिटी स्कूल ही या प्रयत्नांची दोन ठळक उदाहरणे आहेत. दोन्ही ठिकाणी शाळा परत मिळाली. मात्र ‘आपल्या वस्तीतील शाळेत आपल्या मुलाची जागा ठरलेली’ हा वादळापूर्वीचा हक्क सनदेबरोबर आपोआप परत आला नाही, आणि या विषयावरील बहुतेक वाद याच मुद्द्याभोवती फिरतात.

संज्ञा

चार्टर स्कूल या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात ‘सनदी शाळा’ हा शब्द वापरला आहे. सनद हा शब्द मराठी वाचकाला इनामे आणि वतने यांच्या कागदपत्रांतून परिचित आहे. इनामाची सनद पिढ्यानपिढ्या चाले. शाळेची सनद मात्र मुदतीची असते. ती म्हणजे ना-नफा संस्थेचे संचालक मंडळ आणि सनद देणारी यंत्रणा यांच्यातील लेखी करार होय. ही यंत्रणा राज्यानुसार स्थानिक शाळा मंडळ, राज्य शिक्षण मंडळ किंवा एखादे विद्यापीठ असू शकते. शासन विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात निधी देते, शाळेला शिक्षणशुल्क आकारता येत नाही, आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सामान्यतः सोडत काढली जाते. शिक्षकांची नेमणूक, वेळापत्रक, अध्यापनपद्धती व अंदाजपत्रक यांबाबत शाळेला पुष्कळ मोकळीक मिळते. मुदत संपत आली की निकाल आणि हिशेब तपासले जातात व सनदेचे नूतनीकरण होते किंवा ती काढून घेतली जाते.

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळेशी या व्यवस्थेचे वरवरचे साम्य आहे, कारण दोन्हींत संस्था खाजगी आणि पैसा सरकारी असतो. फरक मुळाशी आहे. अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या नोकरीला १९७७ सालच्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाचे संरक्षण असते आणि शाळेची मान्यता दर काही वर्षांनी निकालाच्या तराजूत घातली जात नाही. सनदी शाळेत या दोन्ही गोष्टी करारावर अवलंबून असतात.

‘शेजारशाळा’ म्हणजे ठरावीक हद्दीतील मुलांसाठी असलेली सार्वजनिक शाळा. त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला सोडत किंवा स्पर्धा यांवाचून तेथे प्रवेश मिळतो. दुर्गम वाड्यांसाठी महाराष्ट्रात चालवल्या गेलेल्या वस्तीशाळांशी या संज्ञेची गल्लत करू नये.

सनदी शाळांची कल्पना

मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापक रे बडी यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांना ‘सनद’ देण्याची कल्पना प्रथम मांडली. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली ती उचलून धरली, तेव्हा तिला देशभर प्रसिद्धी मिळाली. शिक्षकांच्या छोट्या गटांना नवे प्रयोग करण्यासाठी सार्वजनिक व्यवस्थेच्या आतच जागा मिळावी, असा त्यांचा हेतू होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली सनदी शाळा सुरू झाली. पुढे खाजगी कंपन्या या क्षेत्रात शिरल्यावर स्वतः शँकर या चळवळीचे टीकाकार बनले. लुईझियानाने १९९५ साली प्रायोगिक स्वरूपात हा कायदा स्वीकारला.

बंद पडलेली शाळा पालकांनी सनदेच्या मार्गाने पुन्हा उघडावी, हा विचार मूळ मांडणीत कोठेही नव्हता. तो परिस्थितीने पुढे आणला.

कॅटरिना आणि राज्याचा ताबा

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ किनाऱ्यावर आदळले. पूररोधक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी शहरातील सार्वजनिक शाळांत सुमारे ६५,००० विद्यार्थी होते व त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय होते. शाळा व्यवस्था वादळापूर्वीच डबघाईला आली होती. निकाल खालावलेले होते, हिशेबांत गोंधळ होता, इमारती मोडकळीस आल्या होत्या आणि अधीक्षक वारंवार बदलत होते. वादळाने एक सुघटित व्यवस्था मोडली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये राज्य विधिमंडळाने ‘अधिनियम ३५’ संमत करून शहरातील शंभराहून अधिक शाळा स्थानिक ऑर्लिन्स पॅरिश शाळा मंडळाकडून काढून घेतल्या आणि रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट या राज्याच्या यंत्रणेकडे सोपवल्या. ही यंत्रणा २००३ पासून अस्तित्वात होती; परंतु तोवर तिचा व्याप अगदी लहान होता. केंद्र सरकारने त्याच सुमारास सनदी शाळांसाठी लुईझियानाला सुमारे २ कोटी डॉलर देऊ केले. जुन्या पद्धतीच्या शाळा उघडण्यासाठी तसा पैसा तत्काळ हाती नव्हता. कोणती शाळा कोणत्या स्वरूपात उघडणार, हे ठरवण्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा होता.

याच काळातील एक आदेश पुढील घटना समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. चालू शाळेचे सनदी शाळेत रूपांतर करायचे झाल्यास तेथील शिक्षक व पालक यांची संमती घ्यावी, अशी तरतूद लुईझियानाच्या कायद्यात होती. राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी २००५ च्या शरद ऋतूत कार्यकारी आदेशाने ती स्थगित केली. पालक देशभर विखुरलेले असताना सह्या कोठून आणणार, हा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा झाला की, पालकांच्या निवडीच्या नावाने उभी राहिलेली व्यवस्था पालकांना न विचारता सुरू झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये स्थानिक मंडळाने मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावरील अल्जीअर्स भागातील १३ शाळा सनदी करण्याचा ठराव केला, तेव्हा बहुतेक कुटुंबे शहराबाहेरच होती.

शाळा मंडळाने सुमारे ७,५०० कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी केले. त्यांत शिक्षकांबरोबरच स्वयंपाकी, लिपिक, बसचालक असे सर्वच होते. त्यांनी केलेला दावा खालच्या न्यायालयांत यशस्वी झाला. परंतु २०१४ साली लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर शाळा

लोअर नाइन्थ वॉर्ड हा शहराच्या पूर्वेकडील, इंडस्ट्रियल कालव्यापलीकडचा भाग होय. श्रमिक कृष्णवर्णीय कुटुंबांची ही जुनी वसाहत असून निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरांत राहत. शाळेच्या दारातील संघर्ष या भागाला नवा नव्हता. १४ नोव्हेंबर १९६० रोजी येथील मॅकडोनो १९ या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रिव्होस्ट या तीन कृष्णवर्णीय मुलींनी केंद्रीय मार्शलांच्या संरक्षणात पहिलीच्या वर्गात प्रवेश केला. त्याच दिवशी जवळच्या अप्पर नाइन्थ वॉर्डातील विल्यम फ्रान्ट्झ शाळेत रूबी ब्रिजेस ही मुलगी गेली.

वादळात कालव्याची भिंत फुटून आलेल्या लोंढ्याने या भागातील घरे पायासकट उचलून नेली. त्यानंतर कित्येक महिने रहिवाशांना दिवसा येऊन घर पाहून परत जाण्यापुरतीच मुभा होती. हा भाग पुन्हा वसवावा की नाही, याचीच जाहीर चर्चा चालू होती. अशा वेळी शाळेचा प्रश्न वेगळ्या अर्थाने निकडीचा बनला. शाळा नसेल तर मुले असलेली कुटुंबे परतणार नाहीत, आणि कुटुंबे परतली नाहीत तर पट नाही म्हणून शाळा उघडणार नाही. ही कोंडी रहिवाशांनी ओळखली होती. शाळा उघडणे म्हणजे वस्ती जिवंत असल्याचा पुरावा देणे होते.

कॅफिन अव्हेन्यूवरील किंग शाळा विज्ञान व तंत्रज्ञानावर भर देणारी प्राथमिक शाळा होती. तिच्या वास्तूतच शहर ग्रंथालयाची शाखा होती, त्यामुळे शाळा सुटल्यावरही तेथे वर्दळ असे. पुराने खालचा मजला पाण्याखाली गेला. बाके, पुस्तके, ग्रंथालय, सारे चिखलात रुतले. मुख्याध्यापिका डोरिस हिक्स आणि त्यांचे सहकारी शिक्षक विस्थापित अवस्थेतही एकमेकांच्या संपर्कात राहिले आणि पालकांचे पत्ते शोधत राहिले. मार्च २००६ मध्ये रहिवासी, शिक्षक आणि कॉमन ग्राउंड या मदतगटाचे स्वयंसेवक यांनी इमारतीतील चिखल उपसण्यास सुरुवात केली. स्वयंसेवकांत वसंताच्या सुटीत आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ होते. यासाठी अधिकृत परवानगी नव्हती. इमारत धोकादायक आहे असे प्रशासनाचे म्हणणे होते. ती पाडण्यासाठीच ‘धोकादायक’ ठरवली जात आहे, अशी रहिवाशांची शंका होती.

शाळा जुन्या स्वरूपात परत मिळण्याची चिन्हे नव्हती. सनदेचा अर्ज करणे हाच खुला असलेला मार्ग होता आणि हिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धरला. ‘फ्रेंड्स ऑफ किंग’ ही संस्था पुढे आली. बाहेरची व्यवस्थापन कंपनी न आणता शाळा चालवणारे मुख्याध्यापक आणि शिक्षक पूर्वीचेच राहिले, हे या सनदेचे वैशिष्ट्य. सुरुवातीचा काळ शाळेने शहराच्या दुसऱ्या भागातील तात्पुरत्या जागेत काढला आणि २००७ साली ती कॅफिन अव्हेन्यूवरील दुरुस्त केलेल्या मूळ इमारतीत परतली. लोअर नाइन्थ वॉर्डात वादळानंतर उघडलेली ही पहिली सार्वजनिक शाळा होय. आजूबाजूचे अनेक भूखंड तेव्हा केवळ गवताने भरलेले होते.

२९ ऑगस्ट २००७ रोजी, वादळाच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी या शाळेत भाषण केले. १५ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीही शाळेला भेट दिली. दोन परस्परविरोधी पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांना पुनर्उभारणी दाखवण्यासाठी तीच एक शाळा सापडावी, यावरून त्या भागात दुसरे दाखवण्याजोगे किती थोडे होते हेही कळते.

पुढे शाळेने वरचे वर्ग जोडले. या भागातील अल्फ्रेड लॉलेस हे सार्वजनिक हायस्कूल वादळात नष्ट झाले होते. त्याच्या जागेवर उभारलेली नवी इमारत किंग शाळेच्या हायस्कूलला मिळाली. सनद असूनही स्थानिक लोकनियुक्त मंडळाशी असलेले नाते संस्थेने महत्त्वाचे मानले. राज्याच्या रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्टकडून ऑर्लिन्स पॅरिश शाळा मंडळाकडे परतण्याचा ठराव करणारी ही पहिली सनदी शाळा ठरली.

मॉरिस जेफ कम्युनिटी स्कूल

मिड-सिटी हा शहराच्या मध्यभागातील संमिश्र वस्तीचा भाग. येथील मॉरिस एफ. एक्स. जेफ प्राथमिक शाळा वादळानंतर उघडली नाही. २००७ च्या सुमारास काही पालक आणि शेजारी एकत्र आले. त्यांच्यात गोरे व कृष्णवर्णीय, सुस्थितीतील व गरीब असे दोन्ही प्रकारचे लोक होते. न्यू ऑर्लिन्सच्या शैक्षणिक इतिहासात अशी सरमिसळ विरळच. एकीकरणानंतर गोरी कुटुंबे मोठ्या संख्येने खाजगी आणि कॅथलिक शाळांकडे वळली होती आणि उरलेली काही मोजक्या निवडक प्रवेशाच्या शाळांत एकवटली होती.

या गटाची पहिली मागणी सनदेची नव्हती. बंद असलेली शाळा यंत्रणेने उघडावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सभा झाल्या, निवेदने दिली गेली, अधिकाऱ्यांच्या भेटी झाल्या. त्याच वेळी २००८ साली शहराच्या सर्व शालेय इमारतींचा बृहत् आराखडा तयार होत होता आणि कोणती वास्तू दुरुस्त होणार, कोणती मोडीत निघणार हे त्यात ठरत होते. ज्या वस्तीची शाळा आराखड्यात नाही तिला पुढे निधी मिळण्याची शक्यता नव्हती. यंत्रणेकडून शाळा मिळत नाही असे दिसल्यावर गटाने स्वतःच सनदेसाठी प्रस्ताव दाखल केला. संस्था नोंदवणे, अभ्यासक्रमाचा आराखडा, पाच वर्षांचे अंदाजपत्रक, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय, वाहतूक, जेवण, विमा, अशा बाबींचा शेकडो पानांचा हा व्यवहार असतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी बसून तो पुरा करणाऱ्या पालकांच्या चिकाटीचे कौतुक करावेच लागेल. पण हेही नोंदवले पाहिजे की, ज्या वस्तीत वकील, हिशेबनीस, अनुदान-प्रस्ताव लिहू शकणारे लोक नाहीत तिला हा मार्ग फारच चढणीचा पडतो.

ऑगस्ट २०१० मध्ये मॉरिस जेफ कम्युनिटी स्कूल सुरू झाले. पॅट्रिशिया पर्किन्स या पहिल्या मुख्याध्यापिका होत्या. आरंभी केवळ लहान वर्ग होते आणि दरवर्षी पुढचा वर्ग जोडला गेला. शाळा जुन्या इमारतीत परतली नाही. पॉयड्रास स्ट्रीटवरील तात्पुरत्या जागेत काही वर्षे काढल्यावर २०१३ साली तिला मिड-सिटीतच लोपेझ स्ट्रीटवर नवी इमारत मिळाली. प्रवेशपरीक्षा नसावी, सर्व वंशांची व सर्व आर्थिक स्तरांची मुले एका वर्गात बसावीत आणि इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला असावा, ही संस्थापकांची तत्त्वे होती.

२०१३ साली येथील शिक्षकांनी संघटना स्थापन केली आणि संचालक मंडळाने तिला मान्यता दिली. वादळानंतरच्या न्यू ऑर्लिन्समध्ये सनदी शाळेत असे प्रथमच घडत होते. सनदी शाळा आणि शिक्षक संघटना यांचे वैर सर्वत्र गृहीत धरले जाते, त्यामुळे ही घटना शहराबाहेरही चर्चिली गेली. शँकर यांच्या १९८८ सालच्या मांडणीत मात्र या दोन गोष्टी एकत्रच होत्या.

इतर वास्तू, इतर शेवट

रहिवाशांची इच्छा आणि इमारतीचे भवितव्य यांची गाठ सर्वत्र पडली नाही. फ्रेरेट स्ट्रीटवरील अल्सी फोर्टिए हायस्कूलची वास्तू २००६ साली लशर या निवडक प्रवेश असलेल्या सनदी शाळेला देण्यात आली. टुलेन विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी तेथे प्राधान्य ठेवले गेले. लशरचे निकाल उत्कृष्ट राहिले; पण पूर्वी फोर्टिएमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी ती इमारत बंदच राहिली असे म्हणावे लागेल. या शाळेचे नाव २०२२ साली बदलून विलो स्कूल करण्यात आले.

एस्प्लनेड अव्हेन्यूवरील जॉन मॅकडोनो हायस्कूलची कथा अधिक कटू आहे. माजी विद्यार्थी व रहिवासी यांना तेथे परिसरातील मुलांसाठी, स्थानिक नियंत्रणाखालील हायस्कूल हवे होते. २०१२ साली शाळा कॅलिफोर्नियातील स्टीव्ह बार यांच्या संस्थेकडे सोपवली गेली, तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली, आणि २०१४ साली शाळा बंद पडली. कोट्यवधी डॉलर खर्चून दुरुस्त केलेल्या त्या इमारतीत नंतर ब्रिकोलाज अकॅडमी ही सनदी शाळा आली. ती हायस्कूल नाही.

१९६० च्या इतिहासातील दोन इमारतींपैकी विल्यम फ्रान्ट्झच्या वास्तूत आज अकिली अकॅडमी ही सनदी शाळा भरते. मॅकडोनो १९ मध्ये पुन्हा शाळा भरली नाही. पहिलीत असताना मार्शलांबरोबर तिच्या पायऱ्या चढलेल्या लिओना टेट यांनी पुढाकार घेऊन ती वास्तू वाचवली आणि २०२२ साली तेथे तिघींच्या नावाचे केंद्र उघडले. त्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी घरे आणि नागरी हक्क चळवळीचे प्रदर्शन आहे.

प्रवेश आणि शेजार

सनदी शाळांच्या शहरात पत्ता हा प्रवेशाचा आधार राहिला नाही. सुरुवातीच्या वर्षांत पालकांना प्रत्येक शाळेत वेगळा अर्ज करावा लागे. २०१२ पासून ‘वनॲप’ ही एकत्रित प्रवेशप्रणाली लागू झाली. पालकांनी पसंतिक्रम भरायचा आणि संगणकीय सोडतीने शाळा ठरायची, अशी ही पद्धत आहे. परिसरातील मुलांसाठी प्राधान्य असते, परंतु ते काही जागांपुरतेच. परिणामी, ज्या पालकांनी शाळा उघडण्यासाठी चिखल उपसला किंवा प्रस्ताव लिहिला त्यांच्या शेजारच्या मुलाचा क्रमांक त्या शाळेत लागेलच असे नाही. पिवळ्या बसमधून भल्या पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी मुले हे न्यू ऑर्लिन्सचे नित्याचे दृश्य बनले.

तुलनेसाठी, भारतातील शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतरात शाळा उपलब्ध असावी, असे धरले आहे. तेथे हक्क अंतराशी बांधला आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये तो पसंतीशी बांधला गेला. या पद्धतीचे समर्थक असे दाखवून देतात की, अमेरिकेत शेजारशाळेची हद्द ही वांशिक आणि आर्थिक विभागणीचीही हद्द असते, आणि वाईट शाळेच्या हद्दीत जन्मलेल्या मुलाला पत्त्याच्या तुरुंगातून सोडवणे हाही न्यायच आहे. हा युक्तिवाद सहज मोडीत काढण्यासारखा नाही. मॉरिस जेफसारखी मिश्र शाळा केवळ हद्दीच्या नियमाने उभी राहिली असती का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

निकालांविषयी टुलेन विद्यापीठातील डग्लस हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ अभ्यास केला. सुधारणांनंतर परीक्षांतील गुण आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दुसऱ्या बाजूला, विशेष गरजा असलेल्या मुलांना प्रवेश नाकारला जातो किंवा सेवा मिळत नाहीत, अशी तक्रार घेऊन सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने २०१० साली न्यायालयात दावा लावला. त्यात २०१५ साली तडजोड होऊन स्वतंत्र देखरेख बसवण्यात आली. २००५ साली शहरातील ७१ टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४९ टक्क्यांवर आले. जेथे शिक्षिका ही वस्तीतील मध्यमवर्गाचा कणा होती तेथे हा बदल केवळ शाळेपुरता उरत नाही.

सनद नको म्हणणारे पालक

बंद शाळा उघडण्यासाठी झगडणाऱ्या सर्वच पालकांनी सनदेचा मार्ग स्वीकारला असे नाही. शिकागो शहराने मे २०१३ मध्ये पट घटल्याचे कारण देऊन एकाच निर्णयात सुमारे ५० शाळा बंद केल्या. तेथील ब्रॉन्झव्हिल भागातील वॉल्टर डायट हायस्कूल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे २०१२ सालीच ठरले होते. २०१५ साली शेवटच्या वर्गात १३ विद्यार्थी उरले. पालक आणि रहिवासी यांनी नेतृत्व व हरित तंत्रज्ञान या विषयांभोवती स्वतःची योजना तयार केली होती. शाळा सर्व परिसरासाठी खुली असावी आणि ती खाजगी संचालकाकडे जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १७ ऑगस्ट २०१५ पासून १२ जणांनी उपोषण आरंभले. ते ३४ दिवस चालले. उपोषण चालू असतानाच प्रशासनाने शाळा कला विषयांचे खुले हायस्कूल म्हणून उघडण्याचे जाहीर केले आणि २०१६ साली ती उघडली. ती सनदी नव्हती, म्हणजे मागणीचा अर्धा भाग मान्य झाला. रहिवाशांची योजना मात्र स्वीकारली गेली नाही.

न्यू ऑर्लिन्स आणि शिकागो यांच्यातील हा फरक स्वभावाचा नाही, परिस्थितीचा आहे. शिकागोत सार्वजनिक शाळा मंडळ जागेवर होते आणि त्याच्याकडे मागणी करता येत होती. लोअर नाइन्थ वॉर्डाला २००६ साली असे दार उरले नव्हते.

कॅलिफोर्नियाने २०१० साली निम्म्याहून अधिक पालकांच्या सह्यांनी शाळेचे सनदी रूपांतर मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. त्याखाली अॅडेलांटो येथील डेझर्ट ट्रेल्स शाळा २०१३ साली सनदी झाली. तो कायदा बंद शाळांसाठी नसून खराब निकालाच्या चालू शाळांसाठी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेने नव्या सनदी शाळांवर तूर्त स्थगिती आणावी, असा ठराव केला. त्यावर अनेक कृष्णवर्णीय पालकांनीच आक्षेप घेतला.

नंतरचा काळ

२०१० साली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने शालेय इमारतींसाठी सुमारे १८० कोटी डॉलरची एकरकमी भरपाई मान्य केली आणि रखडलेली बांधकामे मार्गी लागली. १ जुलै २०१८ रोजी राज्याच्या ताब्यातील सर्व शाळा पुन्हा ऑर्लिन्स पॅरिश शाळा मंडळाकडे आल्या. सनदा मात्र कायम राहिल्या. मंडळ या सनदी शाळा स्वतः चालवत नाही, त्यांच्या सनदांवर देखरेख ठेवते. २०१९ साली मंडळाने थेट चालवलेली शेवटची शाळाही सनदी संस्थेकडे गेली आणि सर्व सार्वजनिक शाळा सनदी असलेले न्यू ऑर्लिन्स हे अमेरिकेतील पहिले मोठे शहर ठरले.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाफायेट अकॅडमी या सनदी शाळेचे नूतनीकरण न झाल्याने तिच्या जागी मंडळाने स्वतः शाळा उघडली. ट्रेमे भागातील डूकी चेज या उपाहारगृहाच्या प्रसिद्ध पाककर्त्या लिआ चेज यांचे नाव तिला देण्यात आले आहे. तिची मुख्याध्यापकपदाची नेमणूक, शिक्षकभरती आणि अंदाजपत्रक ही कामे मंडळाच्याच अखत्यारीत आहेत.